मार्गारेटच्या आजोबांची पदकं

ऑक्टोबर १९८८

प्रिय बाबा,

तुम्ही हे जग सोडून गेल्यापासून लिहायला धीर होत नव्हता. पण काल मार्गारेट जे बोलली, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

शेजारी असूनही आमचं तिच्याशी हॅलोपलीकडे काही नव्हतं. तुम्ही नागपूरहून इथे अमेरिकेत, आयसेलिनला आलात आणि आठवड्याभरात तिच्या हॉलमध्ये, भिंतीवरची पदकं न्याहाळत उभे!

तिचे आजोबा थॉमस मूळचे आयरिश. घरी खायला नाही म्हणून इंग्रजांच्या फौजेत शिरले, सार्जंट झाले, आणि नोकरी संपल्यावर इथे न्यू जर्सीत वीटभट्टीवर राबले. एक पदक सत्तावनच्या लढाईचं. दुसरं शौर्याचं. झाशीच्या तटाखाली, वरून गोळ्या येत असताना, जखमी अधिकाऱ्याला पाठीवर घेऊन ते परतले होते.

तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. मला वाटलं, आता वाद होणार. पण तुम्ही नुसते विचारत सुटलात. तो अधिकारी जगला का? आजोबा पदकं कधी छातीवर लावायचे का?

"कधीच नाही. ड्रॉवरमध्ये असायची," ती म्हणाली.

"का?"

तिला ठाऊक नव्हतं. मग तुम्ही हळूच विचारलंत, "आणि तटाच्या आत कोण होतं?"

तिनं विषय बदलून चहाचं विचारलं. घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवायचं?"

"दुखवत नाही गं. मला खरंच जाणून घ्यायचंय."

काल तिनं ती पदकं गावच्या लायब्ररीला दिली. तिथल्या बाईंनी विचारलं, पदकांजवळच्या कार्डावर काय लिहू? मार्गारेट म्हणाली, "लिहा, माझे आजोबा शूर होते. आणि खाली लिहा, तटाच्या आतल्या माणसांची नावं आम्हाला माहीत नाहीत. माझ्या मित्रानं विचारलं होतं."

मित्र! तुम्हाला तिनं असं कधी म्हटलं होतं का, बाबा?

पार्किंग लॉटमध्ये तिनं माझा हात धरला. "झाशी तुमच्या नागपूरच्या घरापासून किती लांब?"

डिसेंबरात मी तिला घेऊन झाशीला जातेय. तिचे आजोबा तटावर कुठून चालून आले असतील, ते ती बघेल. मी तटाच्या आतल्या वस्तीत जाईन, जुन्या घरांची दारं वाजवीन. एखादं तरी नाव मिळेल का, सांगता येत नाही. पण विचारल्याशिवाय परतणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
नीला