कोऱ्या कापडातून गाळलेलं पाणी

शेलार, श्रावण, १९७४

श्रीयुत केसरीनाथदादा यांस लडकूचा रामराम.

वहिनी, मुलं, गाय सगळी खुशाल असतील, आणि आमची तुळजा तुमच्याकडे हिंडू-फिरू लागली असेल. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे जे जुलाबातून उठले ते.

तिला नेताना चारचौघांत म्हणालात, "शेलारचं पानी सुधारल्याशिवाय भैन धाडनार न्हाय." झोंबलं दादा. विहीर पावसाने गढूळ झाली तेव्हा रामनाथ (पंचायतीचा शिपाई, चाल सरपंचाची) तीत जंतुनाशक पावडर ओतून गेला. चहाला इस्पितळाचा वास. मी कारखान्यात लूमवर जॉबर (माग लावून-दुरुस्त करून देणारा), म्हणून पाणी गाळायचं लचांड माझ्या गळ्यात. भिवंडीहून दाट कापड आणलं, चार पदर करून गावच्या पाण्याच्या टाकीच्या तोंडावर बांधलं, विहिरीचं पाणी त्यातून ओतायचं. मी म्हणत होतो आधी धुऊ, त्याला खळ असते (सूत तुटू नये म्हणून लावतात ती पेज). पण देवळातल्या रंगूबाईने अडवलं. देवाला पाणी जातं, कोरंच पाहिजे, धुतलेलं म्हणजे वापरलेलं. म्हातारं माणूस, कोरंच बांधलं.

पाणी आलं काचेसारखं, वासही गेला. गावाने माझ्या नावाने नारळ फोडला. वासाबरोबर औषधही गेलं हे एकाही टाळक्यात शिरलं नाही, माझ्याही. मग अर्धा गाव टमरेल घेऊन पळाला आणि तुळजा अंथरुणाला खिळली. आरोग्य खात्याचा माणूस म्हणाला, अर्धी पावडर गाळाने खाल्ली, उरलेली खळीने. कापड धुवा, आधी गाळा, मग टाकीत पावडर टाकून अर्धा तास थांबा, दोन्ही केल्याशिवाय भागणार नाही. आता रामनाथ कापडाला बोल लावतो, रंगूबाई देवाला, आणि माझं खोबरं खाल्लेले लोक मला रामराम घालत नाहीत.

सध्या कापड धुतलेलं आहे, क्रमही बरोबर आहे. घर खायला उठतं दादा. चुलीपुढे बसतो, धूर पुष्कळ होतो, भाकरी होत नाही. तिला धाडा.

तुमचा लडकू

ता. क. : तुळजेने एसटीच्या कंडक्टरकडे मला निरोप दिला होता, "ते पाणी तुम्ही स्वतः पिता का?" तिला हो म्हणून सांगा.

आणखी एक : तुमच्याशी खोटं कशाला बोलू? अर्धा तास थांबायला गावात कुणी तयार नाही, पावडर पडते न पडते तोच हंडे बुडतात. मी प्यायला कारखान्यातून पाण्याचा डबा भरून आणतो. सायकलला दुसऱ्या डब्यासाठी कडी आजच लावून घेतली.