कॉलरच्या आकाराची जागा

मास्तर, पत्राला उशीर झाला त्याची आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. तुम्ही माझ्या अक्षरांखाली पेन्सिलीने खुणा कराल ही भीती काही गेली नव्हती. आज तिच्याहून मोठी भीती समोर आली आहे, म्हणून बसलो. माझी नात इतिहासात पीएच.डी. करायला अर्ज करते आहे. परवा, शुक्रवारी, संध्याकाळी पाचला अर्ज बंद होतो. अर्जाबरोबर स्वतः लिहिलेला एक मोठा लेख जोडावा लागतो, आणि तिचा लेख आमच्या घरच्या मोडी कागदांवर आहे. त्या कागदांचं वाचन माझं. त्या वाचनात काही ओळी अशा आहेत ज्या कागदात नाहीत. मी घातल्या आहेत. आणि तिने विचारलं तेव्हा तुमचं नाव पुढे केलं आहे.

आपली ओळख कोटाच्या मापावरून झाली, तुम्हाला आठवत असेल. के. आर. पुरमच्या स्टेशनाजवळ बाबांचं शिलाईचं दुकान, मी आठवीत शाळा सोडून काजं-बटणं करत शिकलेला, बाविशीचा. तुम्ही मागच्या गल्लीत राहायचात, कॉलेजात शिकवायचात. सकाळी सकाळी येऊन म्हणालात, "कोट शिवायचाय. प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे." बाबांनी टेप गळ्यातून काढत विचारलं, "किती वर्षं चाललंय हे?" तुम्ही म्हणालात, "अकरा." बाबा म्हणाले, "मग आत शिवणीत कापडाची माया जास्त सोडतो. अकरा वर्षांत माणूस वाळतो, परीक्षा झाली की भरतो. तेव्हा उसवून मोठा करता येईल." तुम्ही हसलात, आणि हसता हसता तुमची नजर खिळ्यावर गेली. तिथे आमचे कागदी नमुने टांगलेले होते, बाही, खिसा, पाठ. पेटीत पिढ्यांपासून जाड हातकागद पडून होते, टाचणीने न फाटणारे, म्हणून आजोबांच्या वेळेपासून नमुने त्यांतूनच कापायचे. तुम्ही बाही खाली घेतलीत, उजेडात धरलीत. हात न उचलता लिहिलेली ती जुनी मोडी ओळ खांद्यापासून मनगटापर्यंत गेली होती. "हे कशातून कापलं?" तुम्ही इतकं हळू विचारलंत की बाबांना वाटलं, बाहीच्या कापण्यात काही चुकलंय.

पेटीत चार पानं तेवढी शाबूत होती. शाबूत म्हणजे तीन. चौथ्याच्या मधोमध कॉलरच्या आकाराची जागा कापलेली होती, आणि ती कॉलर झिजली म्हणून बाबांनी आदल्याच वर्षी फेकून दिली होती. आमच्याच कुणा पूर्वजाने पेटेतल्या, जुन्या बाजारातल्या, दुकानाच्या जागेसाठी अंमलदाराकडे केलेला तो अर्ज, एवढं तुम्ही तिथेच उभ्याने सांगितलंत. बाबा कोटाची शिलाई घेईनात. तुम्ही म्हणालात, मग तुमचा मुलगा रविवारी माझ्याकडे पाठवा, कागद त्याचे आहेत, वाचायला त्यालाच आलं पाहिजे.

त्या रविवारांचा वास अजून नाकात आहे. तुमच्या घरात टेबल एकच, तेही स्वयंपाकघरात. एका टोकाला तुमचा प्रबंध, एका टोकाला माझी पानं आणि मध्ये उप्पीट. तुमच्या पत्नी, अक्का, मला म्हणायच्या, "हा प्रबंध अकरा वर्षं माझ्याकडे जेवतोय, एकदासुद्धा ताट उचललं नाही त्याने. तू तरी उचल." मी उचलायचो. एकदा तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मधली चार-पाच वर्षं हे कुणाशी बोलत नव्हते. गाईडने पत्राला उत्तर देणं सोडलं होतं. मी रोज फक्त एवढंच विचारायची, आज किती लिहिलंत. नंतर तेही विचारायचं सोडलं. जेवा म्हणायची." ते मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता रोज आठवतं.

आणि तो एक रविवार. दुसऱ्या पानावर एक शब्द लागत नव्हता, मी अंदाजाने भरला. तुम्ही तो खोडलात. मी म्हटलं, "चुकलाय का?" तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे." मी म्हटलं, "मग का खोडला?" तुम्ही चष्मा काढलात. "तुला तो दिसला का?" मी पान परत उजेडात धरलं. "दिसला नसेल तर बरोबर असला तरी तो तुझा शब्द आहे, कागदाचा नाही. दिसत नाही तिथे जागा सोड. आणि जागा सोडताना लाजू नकोस. मी निम्मा प्रबंध जागा सोडून लिहिलाय, म्हणून अकरा वर्षं लागली." मला राग आला होता, मास्तर. आठवी शिकलेल्याला एक शब्द बरोबर येतो आणि तोही खोडतात. दोन महिने मी आलो नाही. मग तुम्हीच दुकानात आलात, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन. "जागा सोडायला पानं जास्त लागतात," म्हणालात. त्या वहीत मी चारही पानं उतरवली, जागा सोडून सोडून. पुढे माझं लग्न झालं, बाबा गेले, दुकान माझ्यावर पडलं आणि माझं येणं थांबलं. तुम्ही दारावरून जाताना विचारायचात, "वही आहे ना?" मी म्हणायचो, "आहे."

नात नववीत होती तेव्हा शाळेतून सांगितलं, घरातलं काही जुनं घेऊन या आणि त्यावर लिहा. तिला वही दाखवली. ती पानं उलटत म्हणाली, "अज्जा, इथे काही नाही. इथेही नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं का?" सरळ विचारलं, टोमणा नव्हता. पण मला लागलं. त्या पोरीसमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं. मी म्हटलं, "स्वल्प थांब, शाई पुसट आहे, उद्या गडद करून देतो." आणि बसून सगळ्या जागा भरल्या. बाबा सांगायचे ती गोष्ट घातली, की नवरा गेल्यावर आमच्या घरची बाई स्वतः अंमलदारापुढे उभी राहिली, हातात सुई होती, आणि जागा आपल्या नावावर मागितली. बाबांनी ती कुणाकडून ऐकली मला माहीत नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने तो निबंध वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन ती म्हणाली, "मी हेच शिकणार." कॉलेजात गेल्यावर एकदा तिने कापलेलं पान आणि वही शेजारी ठेवून विचारलं, "अज्जा, कागदात भोक आहे, मग वहीत वाक्य कुठून आलं?" मी म्हटलं, "मास्तरांनी तो तुकडा पाहिला होता." तुमच्याबद्दल तिला लहानपणापासून ऐकून माहीत, तिने लगेच विश्वास ठेवला. लेखात तळटीप आहे तुमच्यावर. आभारही आहेत.

आठवडाभर ती रोज जेवताना अर्जाचं सांगते. तिच्या कॉलेजच्या मॅडमनी बरंच समजावलंय. उद्देशपत्रात 'मला लहानपणापासून आवड' लिहू नकोस, तुला काय विचारायचंय ते लिही. गाईडचं लिखाण वाच, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, किती जणांनी पूर्ण केलं, किती जण सोडून गेले. फेलोशिप नसेल तर जाऊ नकोस. पहिली दोन वर्षं वर्गात जातात, पुढे कुणी हाक मारत नाही, तेव्हा माणसं सुटतात. माझा मुलगा होसकोट्याच्या कारखान्यातून दमून आलेला असतो, तो म्हणतो, "सहा वर्षांत माझ्या लाइनवरची पोरं सुपरवायझर होतात. ही सहा वर्षांनी काय होणार?" ती म्हणते, "डॉक्टर." तो म्हणतो, "सरी, ठीक आहे. मग माझी शुगर तूच बघ." सगळे हसतात. मी हसत नाही. मला तुमच्या अक्कांचं बोलणं आठवतं, गाईड उत्तर देत नाही, माणूस बोलत नाही. आणि त्याच्यावर हे, की ज्या पायावर पोर तिथे जाते आहे तो मी रचलेला, पोकळ. तिसऱ्या वर्षी कुणीतरी मोडी जाणणारा तिला सगळ्यांसमोर विचारेल, ही ओळ कुठे आहे. तेव्हा मी असेन की नाही माहीत नाही.

काल इथेच हात थांबला. आज गुरुवार. सकाळी सून कामावर गेली, आम्ही दोघं स्वयंपाकघरात भिजवलेल्या अवरेकाळूची, वालाच्या दाण्यांची, सालं काढत बसलो होतो. ती म्हणाली, "अज्जा, तुमची सालं डाळीत पडतायत." मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय." सांगितलं. एका दमात नाही सांगता आलं, मध्ये पाणी प्यालो. तिने हात थांबवले नाहीत, दाणे पिळत राहिली, बोटांतून उडून एक भिंतीवर आपटला. तो उचलून म्हणाली, "मास्तरांनी पाहिला होता म्हणालात."

"खोटं बोललो."

"नववीतच सांगायचं होतंत. मी काय शाळेतून काढून टाकणार होते तुम्हाला?"

ती उठून खोलीत गेली, दार लावलं. मी सगळी सालं काढली. निम्मे दाणे चिरडले. दीड वाजता ती वही आणि पेन्सिल घेऊन आली, डोळे लाल. "मॅडमशी बोलले. त्यांचं शिफारसपत्र त्या सुईवाल्या बाईवरच होतं, ते आधीच पाठवलंय. त्या परत लिहितील म्हणाल्या. म्हणाल्या, यंदा थांब किंवा जे आहे ते खरं लिहून पाठव, ठरव तूच." पेन्सिल माझ्या हातात दिली. "जे तुमचं आहे त्याच्याखाली रेघ मारा. कागदाचं सोडा." मी चष्मा पुसला आणि रेघा मारल्या. सहा जागा. तिने मोजल्या आणि वही घेऊन गेली. रात्री जेवायला आली नाही. सून म्हणाली, "मामा, तुम्ही काय बोललात तिला?" मी ताट तिच्या दाराशी नेऊन ठेवलं आणि म्हटलं, जेव. अक्कांकडून शिकलो होतो तेवढंच मला करता आलं.

आज शुक्रवार. ती पाठवणार आहे. सगळा लेख उलटा करून लिहिला तिने, आता तो कापलेल्या पानाबद्दलच आहे, कॉलरच्या त्या जागेबद्दल, आणि शिंप्यांच्या घरांनी तिथे काय काय भरलं त्याबद्दल. तुमचं नाव तळटीपेतून काढलं. आभारात ठेवलं, 'जागा सोडायला शिकवलं' म्हणून. दुपारी मला हाक मारून म्हणाली, आवाज जरा मऊ होता, "अज्जा, सहा गेल्या पण एक राहिली. कॉलरच्या काठाशी वहीत आहे, 'घरची बाई समक्ष'. तिच्याखाली तुम्ही रेघ मारली नाही. म्हणजे बाई आहे. गोष्ट नसेल, सुई नसेल, पण ती तिथे हजर होती. मी तेवढ्यावर उभी राहते." मी मान हलवली.

मास्तर, तुम्हाला सांगायला बसलोय ते हे. त्या ओळीखाली मी रेघ मारली नाही, पण ती मी वाचली होती की भरली होती हे मला आठवत नाही. शाई सगळीकडे सारखीच दिसते, नववीच्या वेळी मी सगळंच गिरवलं होतं. कागदावर पाहावं तर नेमकं तिथे मशीनच्या तेलाचा डाग पसरलाय, भिंगातूनही काळंच दिसतं. मी डोळे मिटून तुमचं टेबल आठवतो, उप्पिटाची ताटली आठवते, चौथं पान आठवतं, तुमचं बोट त्या काठाशी जातं आणि पुढचं येत नाही. काल रेघ मारताना पेन्सिल तिथे थांबली होती. नात माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यासाठी काहीतरी उरावं असं मला वाटलं. तेवढ्यासाठी पेन्सिल पुढे नेली.

तुम्ही काय म्हणाल हे मला माहीत आहे. चष्मा काढाल आणि तेच विचाराल. पण त्या टेबलाशी आपण दोघंच होतो, माझ्यापाशी उत्तर नाही, आणि दुसरं कुणी उरलं नाही. पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. पेन्सिल माझ्या खिशात आहे, तिच्या खोलीचं दार आज उघडं आहे, टाइप केल्याचा आवाज इथवर येतोय. सव्वातीन झालेत. चारपर्यंत तुमच्या शब्दाची वाट बघतो, नाही आला तर उठून जातो आणि तिला सांगतो. निदान आता असं वाटतंय की जाईन. लवकर कळवा, मास्तर. ती ओळ तुम्ही पाहिली होती का, एवढंच कळवा.