आईंचा ब्लॉक

३ फेब्रुवारी
आज लॅबमध्ये आईंचाच ब्लॉक हातात आला! माझ्या सासूच्या फुप्फुसाचा तुकडा, पाठीतून सुईने काढलेला, मेणात बसवलेला, तांदळाच्या कणीएवढा. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "दर्शना, दुसऱ्या कोणाला देऊ का?" मी नको म्हटलं. बारा वर्षं हेच कापतेय मी.

मुद्दाम सावकाश कापलं. पहिल्या कापात तुकडा अर्धाच दिसला. एरवी चालवून घेतलं असतं. पण आईंचा ना! पूर्ण दिसायला हवा म्हणून तासत गेले. स्लाइड सुरेख आल्या.

५ फेब्रुवारी
कॅन्सरच. ॲडिनो प्रकारचा. आईंनी जन्मभर चूल फुंकली, बिडीला कधी हात लावला नाही — अशा बायकांत हाच जास्त. मॅडम म्हणाल्या, यात पेशींवरचा वाढीचा रिसेप्टर, ईजीएफआर, बिघडलेला सापडायची बरीच आशा असते. दुसरा, स्क्वेमस प्रकार असता तर जवळजवळ नाहीच. सापडला तर रोज एक गोळी, केमो नको!

उरलेला ब्लॉक त्या तपासणीला मुंबईला गेला. मी घरी येऊन सगळ्यांना गोळीचं सांगून मोकळी. माझं तोंड!

१७ फेब्रुवारी
"नमुना अपुरा."

ब्लॉक परत आलाय. आत नुसतं मेण. आईंचा तुकडा मीच तासून कचऱ्यात घातला. सुरेख स्लाइड हव्या होत्या ना बाईसाहेबांना!

१८ फेब्रुवारी
सागर डॉक्टरांवर उखडलाय — "सुई नीट मारता येत नाही यांना!" मी भाकऱ्या थापत होते. थापत राहिले. नवऱ्याला एक शब्द बोलले नाही.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा सुई घालून तुकडा काढू. आई ऐकत नाहीत. "नको गो बाय. एकदा पाठीत घातली ती बास. डॉक्टरला जमत नाय तर माझे हाल कशाला?"

म्हणजे मी गप्प, तर आईंना गोळी नाही. आणि बोलले तर या घरात तोंड कुठे दाखवू?

२१ फेब्रुवारी
आज पण नाही सांगितलं.

२२ फेब्रुवारी
आई मांडवीहून येताना दोनदा रस्त्यात बसल्या. धाप लागली होती, वर मलाच हसून म्हणतात, "तू का गो सुकलीस?" घरात कोंडल्यासारखं होतं, लॅबमध्ये त्याहून जास्त. मॅडमना सगळं कळलंय. तरी रोज ब्लॉक माझ्याच टेबलावर ठेवतात, तेच सहन होत नाही.

२४ फेब्रुवारी
सांगितलं. दोघांसमोर. सागर ताडकन उठून बाहेर गेला, अजून आला नाही.

आईंनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "सुई घेते मी. पण कापायचं तूच. तुझ्याएवढं जपून आता कोण कापणार गो?"