सलमाला दिलेल्या पुरणपोळ्या

ती. सौ. सुरेखाताईस, प्रबोधचा घाबराघुबरा नमस्कार.

तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे? (माझी चौकशी करू नकोस, छातीत नुसतं धडधडतंय.) आपली इरा घर सोडून चाललीय. लग्न नाही, बदली नाही, सव्वीस वर्षांची धडधाकट मुलगी सेंगकांगचं आमचं हक्काचं घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला भाड्याच्या खोलीत राहणार! तिथे ताप आला तर पेज कोण करून देईल, या विचाराने इथे मलाच कणकण येते.

म्हणून मी एक उपाय केला आणि तिथेच माती खाल्ली. आमचे शेजारी सलीमभाई, तीन पिढ्यांपासून इथलेच अरब. त्यांचा हमझा एकतीसचा, सलमा अठ्ठावीसची. दोघंही कमावती, पण राहतात आईबापांजवळ. सकाळी वडिलांच्या हाताचं चुंबन घेतल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबत नाहीत. (मी हात पुढे केला तर इरा त्यात कचऱ्याची पिशवी देते.) म्हटलं, सलमाच हिला समजावेल. तीन शनिवार आमच्या सौ. रश्मीला पुरणपोळ्या करायला लावल्या आणि सलमाला बोलावलं. दोघी दार लावून तासन्‌तास बोलायच्या. आत संस्कार चाललेत म्हणून मी टीव्हीसुद्धा लावला नाही.

काल चौथी पोळी घेताना सलमा इथल्या ढंगात म्हणाली, "अंकल, डोन्ट वरी लाह! इरा स्टेइंग विथ मी!" ताई, दार लावून दोघी मिळून मोबाइलवर एकत्र राहायला खोली शोधत होत्या गं! तसाच सलीमभाईंकडे धावलो, तर तेही दारात पांढरेफटक उभे. इराने सलमाला घरी राहायला पटवावं म्हणून ते महिनाभर इराला खजूर खिलवत होते. मग आम्ही दोघं बाप कॉरिडॉरमध्ये चपलांच्या कपाटावर बसून राहिलो. हमझा आला, दोघांच्याही हातांचं चुंबन घेऊन बाहेर गेला. तोही पस्तिशीची वाट बघतोय, म्हणजे इथल्या नियमाने बिनलग्नाच्या एकट्याला सरकारी फ्लॅट घेता येईल, हे सलीमभाईंनी तो गेल्यावर हळूच सांगितलं. मला फार भीती वाटते, ताई.

तुझा भेदरलेला भाऊ,
प्रबोध

ता. क. : इराला फोन करून माझं ब्लडप्रेशर वाढलंय असं सांग. (वाढलेलं नाही. रश्मीने दोनदा मोजलं.)

ता. क. २ : रश्मीने पत्र वाचलं आणि विचारलं, "घर सोडून पहिल्यांदा जहाजावर नोकरीला निघालात तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात?" एकवीस. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. इराला फोन नको करूस. तेव्हा मला बंदरावर पोचवून तू आईला घरी नेलंस, त्यानंतर ती दिवसभर काय करत होती, तेवढं मला लिही.