चार घरांतली अदालत

सूनबाई,

कुणालाच खरं वाटणार नाही, पण पुण्याच्या पेपरातल्या तुझ्या शब्दकोड्यात शाईनं 'अदालत' लिहिली, ती तुझ्या सासऱ्यानं नाही. तू विहिरीवर गेलीस अन् मुन्सफसाहेबांचा टांगा दारात थांबला. साहेब पाणी प्याले, कोडं पाहिलं अन् म्हणाले, "न्यायनिवाड्याची जागा, चार अक्षरं. इथं पेन्सिलीनं 'न्यायालय' कुणी लिहिलं? आपल्या मुलखात असलं काही आहे का?" सासरा बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, सून पेन्सिलीनं लिहिती, खोडती, मग शाई धरती. तिचं नाव पेपरात यायचंय." साहेबांनी ऐकलं नाही. खिशातून पेन काढून 'न्यायालय'वरच 'अदालत' ठोकली.

शेवटी 'य'चा 'त' झाला, म्हणून उभा 'विनय' आता 'विनत' झालाय. राहू दे. खोडशील तर कागद फाटंल, अन् दुसरं कूपन घरात नाही. आजच्या टपालानं असंच धाड. नाव हुकलं तर हुकलं, पण दाद मागायला निजामाच्या राज्यात माणूस कुठं जातो, ते पुणेकरांना एकदा कळू दे. शब्द बदलायचा नाही.

सासरा झरी गावाला चाललाय. राग उतरला की निरोप दे.

हे सगळं तो मोठ्यानं म्हणत लिहायलाय, अन् चुलीपुढून तुझी सासू म्हणायली, "मुन्सफाला मराठी येत असती, तर आपला उर्दू फैसला वाचून घ्यायला तुमी वकिलाच्या दारात कशाला बसला असता? बोटाची शाई धुवा, मग जा झरीला."