शाळेच्या बाई येतील तेव्हा

आई,

फी-सवलत द्यायची की नाही ते ठरवायला, आपलं घर बघायला शाळेच्या बाई आज दुपारी पुन्हा येताहेत. मला रजा मिळाली नाही. मागच्या वेळी तुम्ही शेजारणीचा सोफा आणून ठेवलात, वर "मुलगा मोठा साहेब आहे" म्हणालात, आणि आपला अर्ज नामंजूर झाला. राग नाही हो, तुम्ही आमचीच अब्रू झाकत होतात. पण आज सवलत हुकली तर ठकीचं नाव पटावरून जाईल. आता हात पसरायलाही कुणी उरलं नाही.

बाईंना सतरंजीवरच बसवा. यांची नोकरी गेली, हे तुमच्या तोंडून सांगा. चहा आपल्या कान तुटलेल्या कपातच द्या. शेजारीण हसली, तर सूनच मेली अशी निलाजरी, म्हणून मोकळ्या व्हा.