पहिली ओंजळ

अमरावती

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

डिझाइनच्या कामासाठी मी जिल्हा परिषदेची नोकरी नाकारल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. वाजला की अंगणात निघून जाता, असं आई सांगते. म्हणून हे पत्र. आयुष्यभर पोस्टमनकी केलेला माणूस आलेलं पत्र न उघडता ठेवेल, हे काही मला खरं वाटत नाही. "कागद सजवून कोनाचं भलं होते?" असं तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं. त्याचं उत्तर आता सांगते.

अकोल्याच्या एमआयडीसीत खुशालरावांचा कारखाना आहे. ते डाळ मिलची यंत्रं बनवतात. परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांना एक देखणं ब्रोशर हवं होतं. आधी एका मिलमध्ये त्यांचं चालतं यंत्र बघायला गेले आणि बाबा, बघतच राहिले! दुमजली घराएवढं उंच. तेलपाणी देऊन वाळवलेली तूर वरून पडते, आतला खरखरीत रोलर तिला घासत नेतो आणि खाली पिवळीधमक डाळ येते. एवढं लोखंड गरगरतं, पण दाण्याचा चुरा होत नाही. जन्मापासून वरण खातेय, पण त्यामागं एवढं काही असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. माझ्या अंगावर काटाच आला.

फोटोच्या दिवशी मात्र गंमत झाली. फोटो निघणार म्हणून कारागिरांनी आदल्या संध्याकाळी नव्या यंत्राला हिरवा रंग फासला आणि हौसेनं झेंडूचे हार चढवले. रंग ओलाच होता. सकाळी बघतो तर यंत्रभर पाकळ्या चिकटलेल्या! खुशालराव कपाळाला हात लावून बसले. नशीब, रोलर अजून आत बसवायचा होता. खिडकीच्या उन्हात तो उघडा पडला होता, मी त्याचाच फोटो घेतला. मुखपृष्ठावर तेवढाच ठेवला, बाकी पान कोरं. खुशालरावांना तिथं चारपाच यंत्रं, फोन नंबर आणि स्वतःचा टाय घातलेला फोटोही हवा होता. त्यांची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले.

छापून आलं तेव्हा रोलर घडवणारे चंद्रभानभाऊ पुढं आले. पॅन्टला हात पुसले, परत पुसले, तेव्हा कुठं ब्रोशर हातात धरलं. म्हणाले, "हे आपलंच हाये का वो ताई? मले त वाटलं, परदेशातलं हाये." मग बाकीचे कारागीरही भोवती जमले. सगळे आपलंच काम पहिल्यांदा बघत होते. मला रडू आलं, बाबा. तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं एवढंच उत्तर आहे.

आता मुद्द्याचं. नवं यंत्र रवाना होण्याआधी तिथं चाचणी होते. ज्यांनी ते घडवलं त्या प्रत्येकाच्या घरचं वडीलधारं माणूस येतं आणि आपल्या माणसाच्या नावानं तुरीची पहिली ओंजळ यंत्रात टाकतं. त्याच डाळीचं वरण तिथं शिजतं, सोबत निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे. खुशालराव मला म्हणाले, "तुमीबी घडवलंच न. तुमच्या घरून कोन येते?" मी तुमचं नाव सांगून मोकळी झाले. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्ही फोन कुठं उचलता? चाचणी या रविवारी आहे. बाळापूरहून सकाळची एसटी धरा, मी अकोल्याच्या स्टँडवर उभी राहीन. राग सोबत आणलात तरी चालेल, पण या. तुम्ही नाही आलात तर माझ्या नावाची ओंजळ कोण टाकणार?

तुमचीच,
नीलम